आधी बोर्डाला बोलू द्या!

फोन लागला की पहिलं अर्धं मिनिट कशात जातं? ‘हॅलो... हॅलो, आवाज येतोय का? हां, आता येतोय. तुझा कट होतोय रे!’ खरं बोलणं नंतर. आपण यावर वैतागतो, पण माझ्या मते अख्ख्या संभाषणातला सगळ्यात शहाणा भाग तोच. समोरचा ऐकतोय की नाही हे न बघता जो सुटतो, त्याला नंतर सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. म्यूट न काढता दहा मिनिटं तावातावाने प्रेझेंटेशन देणारा एक तरी हिरो तुमच्या ऑफिसात असेलच!

माझं तर पोटच या ‘आवाज येतोय का’वर चालतं. मी एम्बेडेड इंजिनीअर. आता हे काय असतं हे नातेवाइकांना समजावणं म्हणजे एक स्वतंत्र प्रोजेक्ट. ‘म्हणजे सॉफ्टवेअरच ना गं?’ असं विचारणाऱ्या काकूंना मी हल्ली ‘हो’ म्हणून मोकळी होते. तुम्हाला मात्र नीट सांगते. तुमची वॉशिंग मशीन, सोसायटीची लिफ्ट, घरचा इन्व्हर्टर... या सगळ्यांच्या पोटात एक हिरवा बोर्ड असतो आणि त्यावर नखाएवढी चिप. त्या चिपमध्ये जो प्रोग्रॅम राहतो तो फर्मवेअर. नवीन बोर्ड कारखान्यातून निघतो तेव्हा तो कोऱ्या पाटीसारखा असतो. त्याच्यात कुणीतरी फर्मवेअर भरावं लागतं. आणि ब्लूटूथ-वायफायच्या या जमान्यातही ते भरायचा सगळ्यात भरवशाचा रस्ता बऱ्याचदा तोच जुना असतो. तीन वायरी. एक बोलायची, एक ऐकायची, एक ग्राउंडची. बस्स! यालाच सीरियल लाइन म्हणतात.

वेगाचं म्हणाल तर हसू येईल. नेहमीचा वेग सेकंदाला १,१५,२०० बिट. एका बाइटमागे दहा बिट खर्च होतात, म्हणजे सेकंदाला साडेअकरा हजार बाइट. एक एमबी पाठवायला दीड मिनिट! तुमच्या मोबाइलमधला एक साधा फोटो पाठवेपर्यंत चहा होईल. पण आमचं दुखणं वेग नाहीच. आमचं दुखणं आहे सुरुवात. एकदा गाडी चालू लागली की ती पोचते. ती चालूच होत नाही, हा प्रॉब्लेम.

असं का? यासाठी जरा शिकागोला जाऊन येऊ. साल १९७७. वॉर्ड ख्रिस्टेन्सन नावाचा आयबीएममध्ये नोकरी करणारा एक जण. घरी छोटा कॉम्प्युटर, आणि त्याच्या फ्लॉपीवरच्या फायली त्याला टेलिफोनच्या तारेवरून दुसऱ्या कॉम्प्युटरला पाठवायच्या होत्या. फोनच्या लाइनवर खरखर असणारच, त्यात अक्षरं बदलणारच. त्याने यावर एक साधी पद्धत काढली आणि सगळ्यांना फुकट देऊन टाकली. पुढे तिचं नाव पडलं एक्समोडेम. जानेवारी १९७८ मध्ये शिकागोत प्रचंड बर्फ पडला, लोक घरात अडकले. त्या सक्तीच्या सुट्टीत वॉर्ड आणि त्याचा मित्र रँडी स्यूस यांनी फोन करून निरोप ठेवता येईल असा कॉम्प्युटरवरचा नोटीस बोर्ड जुळवायला घेतला. १६ फेब्रुवारी १९७८ ला तो सुरूही झाला. सीबीबीएस त्याचं नाव. आजच्या सगळ्या चॅट ग्रुपांचा हा खापरपणजोबाच म्हणा ना! वॉर्ड ऑक्टोबर २०२४ मध्ये गेला. त्याची पद्धत मात्र अजून कारखान्या-कारखान्यांत राबतेय.

पद्धत अशी. फायलीचे १२८ बाइटचे तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्याच्या आधी एक खूण, मग तुकड्याचा नंबर, मग तोच नंबर उलटा करून. शेवटी बेरीज. घेणाऱ्याने बेरीज ताडून बघायची. जमली तर ‘मिळालं’, नाही जमली तर ‘परत पाठव’. किराणावाल्याची यादी फोनवर सांगताना आई नाही का म्हणत, ‘तूरडाळ दोन किलो... लिहिलंस? पुढे?’ अगदी तस्सं.

आणि यातली माझी आवडती गोष्ट. पाठवणाऱ्याने आपणहून सुरुवात करायचीच नाही. त्याने गप्प बसायचं. घेणारा तयार झाला की तोच दर १० सेकंदांनी सांगणार, ‘पाठव’. ते ऐकलं की मगच पहिला तुकडा. पुढे बेरजेच्या जागी सीआरसी नावाचा जास्त कडक हिशेब आला, तेव्हा हे ‘पाठव’ म्हणायला नुसतं ‘सी’ हे अक्षर ठरलं. बोर्ड चालू केला की स्क्रीनवर सी... सी... सी... अशी रांग लागते. नवख्याला वाटतं बोर्ड बिघडला. अहो, तो बिघडला नाहीये, तो वाट बघतोय!

आता लक्षात घ्या, फायलीच्या मधल्या भागाला केवढं संरक्षण आहे! नंबर आहे, बेरीज आहे, परत मागायची सोय आहे. सुरुवातीला यातलं काहीच नाही. अजून पहिला तुकडाच गेलेला नाही, तर ताडून बघणार काय? समोरचा झोपलाय, उठतोय, की मगाचपासून हाका मारून दमलाय, हे पाठवणाऱ्याला कळायला एक अक्षर सोडून दुसरं काही नाही. म्हणून घोळ झाला तर तो तिथेच होतो. आणि घोळ झाला की दोष जातो समोर बसलेल्या माणसावर.

हे मी भोसरीला शिकले. २०२३ च्या पावसाळ्यात. आमचं डिझाइन ऑफिस बाणेरला, एसी आणि कॉफी मशीनवालं. बोर्ड मात्र तयार व्हायचे भोसरी एमआयडीसीत, एका बाहेरच्या कंपनीत. शेतीच्या पंपाचे कंट्रोलर. तीन हॉर्सपॉवरच्या पंपाचं फर्मवेअर वेगळं, पाचचं वेगळं. लाइनवर तीन जिग. जिगवर बोर्ड ठेवायचा, पॉवर द्यायची, लेबलवरचा बारकोड स्कॅन करायचा, स्क्रीनवर स्टार्ट दाबायचं. हिरवं आलं तर पुढे, लाल आलं तर लाल ट्रेत. काम म्हणाल तर एवढंच, पण आठ तास!

तक्रार आली ती अशी, की दोन नंबरच्या जिगवर रिजेक्शन फार. मी गेले तेव्हा सुपरवायझरने निदान आधीच करून ठेवलं होतं. ‘मॅडम, जिग ठीक आहे. बोर्ड ठीक आहेत. हे बघा.’ त्याने लाल ट्रेतला एक बोर्ड उचलला, जिगवर ठेवला, फटाफट स्कॅन, स्टार्ट. हिरवा! दुसरा उचलला. तोही हिरवा. ‘बघितलंत? तिलाच जमत नाही. जिग बदलून पण बघितलं. तिच्यासोबत रिजेक्शन फिरतं.’

‘ती’ म्हणजे चाळिशीच्या एक ताई. कॉन्ट्रॅक्टवर. महिनाअखेरीला कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचं होतं आणि यादीत त्यांच्या नावापुढे फुली पडणार हे लाइनवर सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनाही. पुरावा चोख होता. त्यांच्या हातात नापास, दुसऱ्याच्या हातात पास. कुठल्याही मीटिंगमध्ये ही स्लाइड टाकली असती तर सगळ्यांनी मान डोलावली असती.

मी त्यांच्या शेजारी स्टूल घेऊन बसले. पहिल्या अर्ध्या तासात वेगळं काही दिसलं नाही. बाकीच्यांसारखंच तर करत होत्या. मग एक बारीकशी गोष्ट दिसली. पॉवर दिल्यावर ताई कधीकधी थांबायच्या. बोर्ड जरा तिरका धरून लेबल वाचायच्या, मग स्क्रीनवर बघायच्या, मग परत लेबल. मग स्टार्ट.

‘ताई, हे परत का बघता?’

‘ओ मॅडम, प्रिंटर मधीच फिका छापतो. तीनचा पाच वाचला ना स्कॅनरनं, तर शेतकऱ्याचा पंप जळंल. आमच्या गावाकडं जळालाय एकाचा. म्हणून डोळ्यानं बघून घेते.’

लाइनवर हे दुसरं कुणीच करत नव्हतं. प्रोसीजरमध्ये लिहिलेलंही नव्हतं.

मी बॅगेतून एक जास्तीचा यूएसबी-सीरियल कन्व्हर्टर काढला आणि लाइनवर कान लावला. म्हणजे अक्षरशः. बोर्ड आणि पीसी काय बोलतात ते वेळेसकट लॅपटॉपवर उतरवून घेणारा, मध्ये न बोलणारा तिसरा माणूस. दुपारपर्यंत चित्र स्पष्ट झालं, आणि सांगते, अंगावर काटा आला.

झालं होतं असं. बोर्डाला पॉवर मिळाली की तो लगेच दर सेकंदाला ‘सी’ म्हणायला लागायचा. पीसीवरच्या टूलने पोर्ट सकाळीच उघडून ठेवलेलं. त्यामुळे आलेले ‘सी’ पीसीच्या बफरमध्ये, म्हणजे येणाऱ्या टपालाच्या पेटीत, साठत राहायचे. स्टार्ट दाबलं की टूल पेटी उघडायचं. पहिला ‘सी’ मिळाला, छान, पहिला तुकडा पाठवला. आता उत्तर ‘मिळालं’ असं यायला हवं. पण पेटीत खाली काय होतं? जुना ‘सी’! टूलला वाटलं चुकलं. तोच तुकडा परत पाठवला. पुढचं उत्तर, पुन्हा जुना ‘सी’. परत पाठवला. बोर्ड बिचारा दर वेळी ‘मिळालं, मिळालं’ म्हणत होता, पण त्याचं ते उत्तर शिळ्या टपालाच्या तळाशी पडत होतं. दहा चुका झाल्या की हात टेकायचे, असा या पद्धतीतला जुना दंडक. दहा मोजून झाले की लाल!

म्हणजे जो पाच सेकंदांत स्टार्ट दाबेल त्याचे चार-पाच शिळे ‘सी’ कसेबसे खपून जायचे. आणि जो बारा सेकंद घेईल, त्याचा बोर्ड हमखास लाल. ताई ज्या बोर्डाचं लेबल दुसऱ्यांदा तपासायच्या, नेमका तोच बोर्ड नापास व्हायचा. आणि सुपरवायझर तो उचलून, लेबल न बघता, फटकन पास करायचा. काळजी घेतली म्हणून शिक्षा, घाई केली म्हणून शाबासकी. तुमच्या ऑफिसातला कुणी आठवला का? मलाही आठवला.

दुरुस्ती काय होती? हसाल. दोन ओळी. स्टार्ट दाबल्यावर आधी पेटी रिकामी करा. मग ताज्या ‘सी’ची वाट बघा. तो आला की पहिला तुकडा. बस्स. टूल त्या कंपनीने कधीतरी कुणाकडून तरी करून घेतलेलं होतं. सुदैवाने कोड मिळाला. त्याच संध्याकाळी आम्ही नवीन टूल टाकलं आणि ताईंना सांगितलं, ‘आता मुद्दाम उशीर करा.’ त्यांनी पॉवर दिली, लेबल वाचलं, परत वाचलं, पदराने कपाळ पुसलं, आणि स्टार्ट दाबलं. हिरवा. सलग तीस बोर्ड हिरवे.

त्या काही क्षण गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘म्हंजे मी बरोबर करत होते ना?’

या प्रश्नाचं उत्तर त्यांना त्याआधी तीन आठवडे कुणीच दिलं नव्हतं. मी रिपोर्टमध्ये पहिल्या ओळीत लिहिलं, की ऑपरेटरची चूक नाही. ऑपरेटरच्या तपासणीमुळे दोष सापडला. कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं. लेबल डोळ्याने वाचणं आता तिन्ही जिगच्या प्रोसीजरमध्ये आहे.

त्या दिवसापासून मी जिथे जाईन तिथे बोर्ड सुरुवात कशी करतो हे आधी बघते. आणि एकेकाचे स्वभाव बघाल तर धमाल! होस्टेलच्या रूममेट्ससारखे. आर्डुइनो उनो घ्या, कॉलेजच्या प्रोजेक्टवाल्या पोरांचा लाडका. तुम्ही पोर्ट उघडलं की एक सिग्नल बदलतो, छोट्याशा कपॅसिटरमधून रीसेटला धक्का बसतो आणि पठ्ठ्या दचकून उठतो. उठल्यावर जेमतेम सेकंदभर ऐकतो. तेवढ्यात हाक पोचली नाही तर ‘नॉट इन सिंक’ हे जगप्रसिद्ध वाक्य स्क्रीनवर! एसटीएम३२ अगदी उलटा. त्याची एक पिन वर ओढून उठवलं, की तो शांत बसून एकाच आकड्याची वाट बघतो. १२७. त्या एका बाइटवरून तो तुमचा बोलण्याचा वेग मोजतो आणि उत्तर देतो १२१. म्हणजे ‘ऐकतोय’. मात्र इथे १२७ एकदाच म्हणायचं हं! ओळख झाल्यावर परत म्हटलंत तर तो त्याला पुढची आज्ञा समजतो आणि घोळ सुरू. ईएसपी३२ ला उठतानाच एक पिन खाली धरून ठेवावी लागते, नाहीतर तो तुमच्याकडे न बघता सरळ आपल्या जुन्या कामाला लागतो. रविवारी उठल्या उठल्या क्रिकेटला पळणाऱ्या नवऱ्यासारखा.

आणि कधीकधी मध्येच तिसरं कुणी बोलतं. लिनक्सवर मोडेम मॅनेजर नावाचा एक सेवक असतो. यूएसबीला नवीन काही लावलं की तो त्याला परस्पर हाक मारून बघतो, ‘तू मोडेम आहेस का रे?’ सोसायटीत नवीन भाडेकरू आला की सामान उतरायच्या आत ‘गाव कुठलं?’ विचारणाऱ्या काकूंसारखा. हेतू वाईट नाही. पण बोर्डाच्या पहिल्या काही सेकंदांत हे बोलणं कानावर पडलं की तो गोंधळतो.

तर मंडळी, तुमच्यापैकी जे या लाइनीत आहेत (आणि हिंजवडीच्या बसमध्ये हा अंक वाचतायत), त्यांच्यासाठी माझी चार सूत्रं. एक, सुरू करण्याआधी जुनं ऐकलेलं सगळं टाकून द्या आणि ताजी हाक ऐका. दोन, ठरावीक सेकंद थांबून ‘आता झाला असेल तयार’ असा अंदाज बांधू नका; एखाद्या बोर्डाला थंडीत जास्त वेळ लागतो, एखादा पीसी हळू असतो. तयार असल्याचं बोर्डाकडूनच ऐका. तीन, नाही जमलं तर माणसाला पॉवर काढ-घाल करायला लावू नका. टूलनेच बोर्ड रीसेट करावा आणि पहिल्यापासून, नव्याने सुरुवात करावी. अर्धवट राहिलेलं पुढे रेटू नये. आणि चार, पहिला तुकडा बरोबर पोचेपर्यंत जुनं फर्मवेअर पुसू नका. नवीन येतंय की नाही याचा पत्ता नाही आणि जुनं घालवून बसलात, तर शेतातला बोर्ड म्हणजे नुसती वीट. नवी नोकरी हातात येण्याआधी राजीनामा देऊ नये, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको!

आणि जे या लाइनीत नाहीत त्यांच्यासाठी? तुमच्या ऑफिसातही कुणीतरी असेल जो ‘स्लो’ आहे. ज्याच्या हातात सिस्टिम सारखी अडकते. ज्याचा फॉर्म नेहमी ‘एरर’ देतो आणि शेजारचा येऊन फटकन करून दाखवतो. पुढच्या वेळी शेजारच्याचा वेग बघून खूश होण्याआधी जरा स्टूल घेऊन बसा. तो नेमका कुठे थांबतोय ते बघा. कदाचित त्याला जमत नसेलही. पण कदाचित अख्ख्या मजल्यावर तो एकटाच लेबल वाचत असेल.